निर्जल प्रदेशातील प्रवास आणि पाण्याचा हिशेब : ह्युएन त्संग, स्वेन हेडिन आणि ऑरेल स्टाईन यांच्या प्रवासवृत्तांतांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हर्षवर्धनाच्या संदर्भात परिचित असते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना त्याची आणखी एक ओळख असते. इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला आणि येथील लोकांच्या स्वाभिमानी, उपकार न विसरणाऱ्या व अपमान सहन न करणाऱ्या वृत्तीची त्याने नोंद केली. मात्र तो भारतापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न अध्यापनात सहसा उपस्थित होत नाही. पाठ्यपुस्तकातील नकाशावर त्याचा मार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. त्या रेषेचा बराच भाग निर्जल प्रदेशातून जातो आणि तेथे माणूस जगतो की मरतो हे प्रामुख्याने सोबतच्या पाण्यावर अवलंबून असते.

प्रवासाच्या इतिहासात धर्म, व्यापार, राजकारण व शोधवृत्ती या प्रेरणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पिण्याच्या पाण्याची वाहतूक हा विषय त्यामानाने गौण मानला गेला. प्रस्तुत लेखात मध्य आशियातील गोबीचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेले तकलामकानचे वाळवंट या एकाच भूप्रदेशातील तीन प्रवासांचा या दृष्टीने विचार केला आहे. ह्युएन त्संगाचा सातव्या शतकातील प्रवास, स्वेन हेडिन याची इ.स. १८९५ ची मोहीम आणि ऑरेल स्टाईन याच्या इ.स. १९०० ते १९०८ या काळातील मोहिमा हे ते तीन प्रवास होत. पाणी कमी पडते तेव्हा नेमके काय कमी पडलेले असते, आणि त्याची जबाबदारी वृत्तांतात कोणावर टाकली जाते, हे दोन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

पाणी वाहण्याचे गणित

एक लीटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. धान्य वाळवून, दळून वा भाजून हलके करता येते. पाण्याच्या बाबतीत अशी कोणतीही सोय नाही. उष्ण व कोरड्या हवेत चालणाऱ्या माणसाला दिवसाला किमान पाच लीटर पाणी लागते असे मानले, तर दहा दिवसांच्या प्रवासासाठी प्रत्येकी पन्नास किलोग्रॅम भार होतो. इतका भार पाठीवर घेऊन वाळूतून चालणे सामान्य माणसाला शक्य नसते. तो वीस लीटर पाणी उचलू शकला, तर त्याची मजल चार दिवसांची होते.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घेतली पाहिजे. माणसांची संख्या वाढविल्याने ही मजल वाढत नाही. एका माणसाने चार दिवसांचे पाणी वाहिले काय किंवा शंभर माणसांनी वाहिले काय, प्रत्येक जण आपण वाहिलेले पाणी स्वतःच पितो. त्यामुळे मजल वाढविण्याचे मार्ग मोजकेच उरतात. जो प्राणी वाटेत पाणी न पिता भार वाहील असा प्राणी सोबत घेणे, वाटेवर आगाऊ साठा करून ठेवणे, पाणी कमी लागेल असा ऋतू निवडणे आणि वाटेतील पाणवठ्यांची खात्रीशीर माहिती मिळविणे, हे ते मार्ग होत.

पहिल्या मार्गामुळे वाळवंटाच्या इतिहासात उंटाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले. शरीरातील पाणी घटून वजनात सुमारे पाव हिश्शाची घट झाली तरी उंट जगू शकतो आणि पाणी मिळताच थोड्या वेळात शंभर लीटरच्या आसपास पाणी पिऊन ती भरून काढतो. परंतु उंटाची ही सहनशक्तीही ऋतू, ओझे व चारा यांवर अवलंबून असते.

माणसाच्या शरीराविषयीही काही समज चुकीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ई. एफ. अॅडॉल्फ व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कमी पाण्यात राहण्याची शरीराला सवय लावता येत नाही, असा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. पाणी जपून प्यायले म्हणून घाम कमी येत नाही. तसेच तहान ही शरीरातील घटीच्या मागे राहते. माणूस तहानेप्रमाणे पाणी पीत असला तरी त्याची घट पूर्ण भरून निघत नाही. पाणी वाचवावयाचे असेल, तर उन्हात न चालणे हा त्यावरील खरा उपाय ठरतो. हे शास्त्रीय ज्ञान पुढील प्रवाशांजवळ नव्हते. मात्र वाळवंटालगतच्या लोकांजवळ त्याचा अनुभव होता.

सांडलेली पखाल आणि जाणता घोडा

ह्युएन त्संगाचे चरित्र त्याचा शिष्य हुइली याने लिहिले व पुढे यानचोंग याने इ.स. ६८८ मध्ये ते पूर्ण केले. इ.स. ६२९ च्या सुमारास राजाज्ञेविरुद्ध देश सोडून निघालेल्या ह्युएन त्संगाला सरहद्दीवरील पाच टेहळणी बुरूज ओलांडावयाचे होते. हे बुरूज एकमेकांपासून सुमारे शंभर ली अंतरावर होते. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. पाणी केवळ या बुरुजांजवळच होते, हा तपशील महत्त्वाचा आहे. सरहद्द राखणाऱ्या सत्तेने जमिनीची नव्हे, तर पाण्याची नाकेबंदी केली होती. पहिल्या बुरुजाजवळ पाणी भरताना ह्युएन त्संगावर बाण सोडण्यात आले आणि तो पकडला गेला. तेथील अधिकाऱ्याला त्याच्या हेतूविषयी आदर वाटल्याने त्याची सुटका झाली. चौथ्या बुरुजावरील अधिकारी वांग बोलोंग याने त्याला पाण्याची मोठी कातडी पखाल व घोड्यासाठी चारा दिला. पाचवा बुरूज टाळून शंभर लीवर असलेल्या ‘रानघोड्यांच्या झऱ्या’कडे जावे, असा सल्लाही त्याने दिला.

पुढे मोहेयान नावाचे आठशे ली लांबीचे वाळवंट होते. शंभर लीपेक्षा अधिक चालूनही झरा सापडला नाही. पाणी पिण्यासाठी पखाल उतरवीत असता ती जड असल्याने हातून निसटली आणि सारे पाणी वाळूत गेले. ह्युएन त्संग दहा लीहून अधिक अंतर माघारी वळला. परंतु भारतात पोहोचल्याखेरीज पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही या प्रतिज्ञेचे स्मरण होऊन त्याने पुन्हा पश्चिमेची वाट धरली. चार रात्री व पाच दिवस त्याच्या घशात पाण्याचा थेंब गेला नाही. पाचव्या रात्री गार वारा सुटला. तो उठून निघाला आणि काही अंतर गेल्यावर घोडा एकाएकी दुसऱ्याच दिशेला वळला. आवरूनही तो आवरेना. त्या दिशेला गवत व स्वच्छ पाण्याचे तळे होते. त्यानंतर दोन दिवसांनी तो वाळवंटाबाहेर पडला व यिवू, म्हणजे आजचे हामी, येथे पोहोचला.

चरित्रकाराने ही घटना अवलोकितेश्वराच्या कृपेचे फळ म्हणून सांगितली आहे. मात्र त्याच चरित्रात आधी आलेला एक तपशील येथे जोडून पाहिला पाहिजे. वाळवंटात शिरण्यापूर्वी ह्युएन त्संगाने आपला तरणा घोडा देऊन एका वृद्ध प्रवाशाकडून तांबड्या रंगाचा, हडकुळा, म्हातारा घोडा घेतला होता. हा घोडा यिवूला पंधरा वेळा जाऊन आला आहे, असे त्या वृद्धाने सांगितले होते. पखालीतील पाणी वाहतुकीत नष्ट झाले. वाटेचे ज्ञान मात्र घोड्याच्या स्मरणात व घ्राणशक्तीत सुरक्षित राहिले. श्रद्धेच्या भाषेत लिहिलेल्या या साधनात व्यावहारिक कारणमीमांसेची सामग्रीही अशा प्रकारे जपली गेली आहे.

पाणवठ्यांच्या ज्ञानाचे हे महत्त्व याच प्रदेशाबद्दलच्या मार्को पोलोच्या वर्णनातही दिसते. तेराव्या शतकात लोपच्या वाळवंटाविषयी लिहिताना त्याने पाणवठ्यांवर पन्नास ते शंभर माणसे व त्यांची जनावरे यांना पुरेल इतकेच पाणी असते, असे नमूद केले आहे. म्हणजे काफिल्याचा आकारही व्यापाऱ्याच्या ऐपतीने नव्हे, तर विहिरीच्या आव्याने ठरत असे.

स्वेन हेडिनची मोहीम : १८९५

स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन १० एप्रिल १८९५ रोजी यारकंद नदीकाठच्या मेरकेत गावातून तकलामकान ओलांडून खोतान नदी गाठण्यासाठी निघाला. सोबत इस्लाम बाई, मोहम्मद शाह, कासिम आणि योल्ची हे चार स्थानिक साहाय्यक, आठ उंट, दोन कुत्री, मेंढ्या व कोंबड्या होत्या. पाण्यासाठी लोखंडी टाक्या व मसका होत्या. वाळवंटाच्या पश्चिम भागातील शेवटच्या सरोवरावर दहा दिवसांचे पाणी भरून घ्यावे, असा आदेश त्याने दिला आणि २३ एप्रिलला काफिला वाळूत शिरला. २५ एप्रिलला केवळ दोन दिवसांचे पाणी उरल्याचे आढळले. खोतान नदीचा परिसर चार दिवसांवर आहे, असे योल्चीचे म्हणणे होते आणि साहाय्यकांनी त्या अंदाजाने पाणी भरले होते.

यानंतरचा घटनाक्रम हेडिनने सविस्तर लिहिला आहे. वाटेत विहीर खणली. ती कोरडी निघाली. उंट एकेक करून मागे पडू लागले. १ मे रोजी पाणी पूर्ण संपले होते. हेडिनने स्टोव्हसाठी आणलेले मद्यार्क प्यायले. इतरांनी मेंढीचे रक्त व उंटाचे मूत्र पिण्याचा प्रयत्न केला. मोहम्मद शाह व योल्ची यांना शेवटच्या तळावर सोडावे लागले. ते परत आले नाहीत. हेडिन व कासिम दिवसा अंगावर वाळू ओढून पडून राहत आणि रात्री चालत. ५ मेच्या रात्री हेडिन एकटाच खोतान नदीच्या पात्रात पोहोचला. पूर येण्यास अवकाश असल्याने पात्र कोरडे होते; परंतु पाणपक्ष्याच्या आवाजावरून त्याला एक डोह सापडला. तेथून आपल्या बुटांत पाणी भरून त्याने ते मागे राहिलेल्या कासिमला नेऊन दिले. इस्लाम बाई एका उंटासह वाचला.

या वृत्तांतात दोषाचा मोठा वाटा साहाय्यकांकडे जातो. त्यांनी आदेशाप्रमाणे पाणी भरले नाही आणि योल्चीने पाणी चोरले, असे हेडिन लिहितो. हे खरे असू शकते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने काही गोष्टी तपासून पाहणे आवश्यक आहे. पाच माणसांना दिवसाला प्रत्येकी पाच लीटर याप्रमाणे दहा दिवसांसाठी अडीचशे लीटर पाणी लागते. एक उंट साधारण दीडशे ते दोनशे किलोग्रॅम भार वाहू शकतो. म्हणजे माणसांचे दहा दिवसांचे पाणी दोन उंटांवर सहज मावले असते आणि उंट आठ होते. त्यामुळे ही आपत्ती वाहतुकीच्या क्षमतेअभावी ओढवली, असे म्हणता येत नाही. उंटांवर उपकरणे, छायाचित्रणाचे साहित्य, पेट्या व इतर सामानाचा भार होता. सर्व साहित्यात ज्यावर जीव अवलंबून होता त्या वस्तूची मोजणी प्रमुखाने निघण्यापूर्वी स्वतः केली नाही. उपकरणांची वाचने तो रोज घेत असे. टाकीची पातळी त्याने एकदाही वेळेत पाहिली नाही.

दुसरी गोष्ट माघारीसंबंधीची आहे. २५ एप्रिलला दोन दिवसांचे पाणी होते आणि मागचे सरोवर दोन दिवसांच्याच अंतरावर होते. तेथून परत फिरलो असतो, तर काफिला वाचला असता, हे हेडिनने स्वतः पुढे मान्य केले आहे. पुढे जाण्याचा निर्णय त्याचा होता. तिसरी गोष्ट ऋतूची. एप्रिलअखेर ऊन तापू लागते आणि पर्वतावरील बर्फाचे पाणी मात्र नदीत आलेले नसते. उन्हाळ्याची तहान आणि हिवाळ्याची कोरडी नदी असा दुहेरी तोटा या काळात पदरी येतो.

‘दुखणे हेल्याला आणि डाग पखालीला’ अशी म्हण आपल्याकडे आहे. रोग एकाला आणि उपाय भलत्यालाच, असा तिचा आशय. १८९५ च्या मोहिमेचे दुखणे नियोजनात, मोजणीत व निर्णयात होते. वृत्तांतातील डाग मात्र पाणी भरणाऱ्या हातांना लागला. मोहम्मद शाह व योल्ची यांची बाजू सांगणारा एकही कागद उपलब्ध नाही. लेखनाची साधने ज्याच्या हाती होती, त्याचीच साक्ष उरली.

हेडिनने या अनुभवापासून धडा घेतला, हेही नमूद केले पाहिजे. जानेवारी १८९६ मध्ये तो खोतानहून पुन्हा वाळवंटात गेला तेव्हा ऋतू हिवाळ्याचा, सामान मोजके आणि काफिला लहान होता. इस्लाम बाई याही वेळी त्याच्यासोबत होता. याच प्रवासात त्याने पुढे दंदान-ओइलिक या नावाने प्रसिद्ध झालेले वाळूखालचे अवशेष पाहिले.

बर्फाच्या रूपातील पाणी : ऑरेल स्टाईन

हेडिनने पाहिलेल्या याच अवशेषांकडे ऑरेल स्टाईन डिसेंबर १९०० मध्ये निघाला. स्टाईनच्या मोहिमांना भारत सरकारचे साहाय्य होते व त्यात मिळालेल्या वस्तूंचा मोठा भाग आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ह्युएन त्संगाने दिलेली अंतरे व स्थळवर्णने तो जागेवर पडताळून पाहत असे. या तीन प्रवाशांमध्ये असा साखळीसारखा संबंध आहे.

स्टाईनने वाळवंटातील उत्खननासाठी कडाक्याच्या थंडीचा काळ निवडला. थंडीमुळे शाई गोठत असे आणि मजुरांचे हाल होत. परंतु पाण्याचा प्रश्न सुलभ होई. पाणी बर्फाच्या लाद्यांच्या रूपात नेता येत होते. बर्फ सांडत नाही, गळत नाही, त्याला टाकी लागत नाही. तो पोत्यांत भरून उंटावर वा गाढवावर लादता येतो. किती लाद्या उरल्या हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. हेडिनच्या मोहिमेत झाकणाखाली दडून राहिलेली तूट येथे लपू शकत नव्हती. जानेवारी १९०१ मध्ये निया नदीच्या टोकापलीकडील प्राचीन वसाहतीत उत्खनन चालू असताना इमाम जाफर सादिक या तीर्थस्थानाजवळून बर्फ आणला जात असे.

डिसेंबर १९०६ मध्ये लोउलानच्या अवशेषांकडे जाताना ही व्यवस्था अधिक विकसित झालेली दिसते. सोबत सुमारे पन्नास मजूर होते. उंटांवर बर्फ लादलाच. शिवाय गाढवांकरवी काही मजलांपर्यंत बर्फ पोहोचवून तेथे मधला साठा केला आणि गाढवे पुन्हा बर्फ आणण्यासाठी माघारी पाठविली. पूर्वी उल्लेखिलेल्या गणितातील आगाऊ साठ्याचा मार्ग तो हाच. पाणी न मिळणाऱ्या उंटांना चाऱ्याची उणीव भासू नये म्हणून मोहरीवर्गीय बियांचे तेल पाजले जाई. स्टाईनचा उंटवाला हसन अखून त्याला उंटांचा चहा म्हणत असे.

मात्र स्टाईनचे यश हे केवळ त्याच्या नियोजनाचे फळ मानणे योग्य होणार नाही. दंदान-ओइलिकला नेणारा तुर्दी हा वाळवंटात गाडलेल्या धनाचा शोध घेत आयुष्य घालविलेला वृद्ध होता. हिवाळ्यात बर्फ घेऊन वाळूत शिरण्याची रीत अशा स्थानिक लोकांच्या परिचयाची होती. स्टाईनने ती मोठ्या प्रमाणावर व शिस्तीने राबविली. त्याच्याही वाट्याला संकट आले. १९०८ च्या प्रारंभी उत्तरेकडून केरिया नदीचे टोक गाठण्यासाठी तकलामकान ओलांडताना नदीने पात्र बदललेले आढळले. सोबतचा बर्फ जपून वापरावा लागला व अखेरीस नव्या पात्रातील बर्फ सापडला. थंडी होती आणि साठ्याचा हिशेब रोज होत होता, म्हणून शोधासाठी वेळ मिळाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, निर्जल प्रदेशात पुरेसे पाणी नेणे हा केवळ भार वाहण्याचा प्रश्न नव्हता. ऋतूची निवड, पाणवठ्यांचे ज्ञान, मधला साठा व रोजची मोजणी यांवर पाण्याची पुरेशी मात्रा ठरत होती. ह्युएन त्संगाजवळ पाणी उरले नाही, पण वाट जाणणारा घोडा होता. हेडिनजवळ वाहतुकीची साधने होती, पण मोजणी नव्हती. स्टाईनने ऋतू, मोजणी व स्थानिक ज्ञान यांची सांगड घातली.

दुसरी, माघारीचा निर्णय हा पाण्याच्या हिशेबाचाच भाग असतो. परतीचे पाणी संपण्यापूर्वीच तो घ्यावा लागतो. ह्युएन त्संग माघारी वळून पुन्हा पुढे गेला. त्याने स्वतःचा एकट्याचा जीव पणाला लावला होता. हेडिनच्या निर्णयात आणखी चार जीव गुंतलेले होते. या दोन धाडसांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तिसरी बाब इतिहासलेखनाशी निगडित आहे. प्रवासवृत्तांत हे महत्त्वाचे साधन आहे. परंतु ते वाचलेल्या व लिहू शकणाऱ्या माणसाचे साधन आहे. त्यातील दोषारोप स्वीकारण्यापूर्वी पाणी किती लागत होते, किती वाहता आले असते आणि ते मोजण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे साधे अंकगणित अभ्यासकाने करून पाहिले पाहिजे. वर्गात नकाशावरील तुटक रेषा दाखविताना अध्यापकाने हे अंकगणित विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तर तो वृद्ध घोडा देणारा अनाम प्रवासी, तुर्दी, हसन अखून आणि परत न आलेले मोहम्मद शाह व योल्ची हेही इतिहासाचे घटक म्हणून त्यांच्यासमोर उभे राहतील.